कार्बनचे चार हात

आमटींत घालण्याकरितां चिंचेचा कोळ काढतांना, ह्या आंबटपणाच्या मागें विज्ञानाच्या इतिहासांतील एक मोठें कोडें दडलेलें आहे, असें कोणाच्या स्वप्नींही येत नाहीं. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टरिक आम्लाचा. युरोपांत चिंच पिकत नाहीं. परंतु तेथें द्राक्षांचें मद्य ज्या पिंपांत मुरत ठेवतात, त्यांच्या आंतल्या बाजूस एक खडबडीत खपली धरते, व तिच्यांतून हेंच आम्ल निघतें. ह्या आम्लानें १९ व्या शतकाच्या मध्यास रसायनज्ञांपुढें असा एक प्रश्न टाकला कीं, त्याचें समाधानकारक उत्तर मिळण्यास ८० वर्षांहून अधिक काळ जावा लागला. प्रश्न दिसण्यांत अगदीं साधा होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूला लांबी, रुंदी आणि उंची असा आकार असतो काय? आणि असल्यास तो आकार कशामुळें ठरतो?

सर्व पदार्थ अणूंचे बनलेले आहेत आणि अणु एकमेकांशीं ठराविक प्रमाणांत जोडले जाऊन रेणु तयार होतो, हें डाल्टनच्या काळापासून रसायनज्ञ मानीत आले. १८०८ सालीं वोलॅस्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें तर असेंही लिहून ठेविलें होतें कीं, अणूंची नुसती संख्या मोजून भागणार नाहीं. त्यांची अवकाशांतील मांडणीही एके दिवशीं विचारांत घ्यावी लागेल. परंतु त्या सूचनेकडे कित्येक वर्षें कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. रसायनाचीं सूत्रें कागदावर लिहिलीं जात, आणि कागद सपाट असतो. शिवाय अनेक जाणत्यांचें मत असें होतें कीं, सूत्र म्हणजे केवळ हिशेबाची नोंद आहे. अणु प्रत्यक्षांत कोठें बसले आहेत हें जाणणें मनुष्याच्या आवाक्याबाहेरचें आहे, आणि तशी खटपट करणें हें शास्त्राचें काम नव्हे.

पहिला धक्का प्रकाशानें दिला. साध्या प्रकाशाचीं कंपनें सर्व बाजूंनीं होत असतात. परंतु कांहीं स्फटिकांतून तो नेला म्हणजे एकाच प्रतलांतील कंपनें शिल्लक राहतात. १८१५ सालीं बिओ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाला असें आढळलें कीं, टर्पेंटाइनचें तेल किंवा साखरेचें पाणी ह्यांतून असा प्रकाश गेला म्हणजे त्याचें प्रतल एका बाजूस वळतें. गारेच्या स्फटिकालाही हा गुण असतो; पण गार वितळविली कीं तो नाहींसा होतो, कारण तो स्फटिकाच्या रचनेचा गुण आहे. तेलाला आणि साखरेच्या पाण्याला स्फटिकाची रचना कोठून असणार? तेव्हां प्रकाशाला पीळ घालणारी ही वांकडी चाल खुद्द रेणूच्याच अंगीं असली पाहिजे, हें उघड झालें.

टार्टरिक आम्ल प्रकाशाला उजवीकडे वळवितें. परंतु त्याचेंच एक भावंड असें होतें कीं, घटक तेच, प्रमाण तेंच, आणि तरीही तें प्रकाशाला मुळींच वळवीत नसे. १८४८ सालीं पॅरिस येथें लुई पाश्चर ह्या २५ वर्षांच्या तरुणानें ह्या दुसऱ्या आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखालीं धरले. त्याला दिसलें कीं, स्फटिक दोन जातींचे आहेत; एकाची कड उजवीकडे कापलेली, तर दुसऱ्याची डावीकडे. आरशांतील प्रतिबिंब जसें मूळ मूर्तीशीं जुळतें पण तिच्यावर बरोबर बसत नाहीं, तसें त्यांचें नातें होतें. पाश्चरनें ते स्फटिक चिमट्यानें एकेक करून वेगळे केले. एका ढिगाचा द्राव प्रकाशाला उजवीकडे वळवी, दुसऱ्याचा तितकाच डावीकडे. आणि दोन्ही समभाग मिसळले म्हणजे परिणाम शून्य. वृद्ध बिओनें हा प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा करवून घेतला, तेव्हांच त्याची खात्री पटली. ह्या प्रयोगाला हवामानाचीही साथ होती. सुमारें २७ अंश सेंटिग्रेडच्या वर हे स्फटिक असे वेगळे होतच नाहींत. मुंबईच्या उन्हाळ्यांत पाश्चरच्या हातीं कांहींच लागलें नसतें. रेणूंतील अणूंची मांडणी उजवी-डावी असली पाहिजे, हें पाश्चरनें ओळखलें, आणि १८६० मधील व्याख्यानांत त्यानें मळसूत्राचा किंवा वेड्यावांकड्या चतुष्फलकाचा दृष्टांतही देऊन पाहिला. परंतु कोणता अणु कोठें बसतो, हें सांगण्याचें साधन त्या वेळीं त्याच्यापाशीं नव्हतें.

तें साधन १८५८ सालीं मिळालें. जर्मनीचा केकुले आणि स्कॉटलंडचा कूपर ह्या दोघांनीं एकाच वर्षीं, परंतु स्वतंत्रपणें, असें दाखवून दिलें कीं, कार्बनच्या अणूला जणूं चार हात असतात आणि कार्बनचे अणु एकमेकांचे हात धरून लांब सांखळ्या करूं शकतात. साखर, तूप, कापूस, लांकूड, रक्त आणि मांस ह्या सर्वांचा पाया ह्या चार हातांवर उभा आहे. पण ते हात कोणत्या दिशांना पसरलेले असतात, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचें उत्तर देणारा याकोबस व्हान्ट हॉफ हा हॉलंडमधील रॉटरडॅमच्या एका डॉक्टरचा मुलगा. जन्म १८५२ चा. बॉन येथें केकुलेच्या आणि पॅरिस येथें वुर्त्झच्या हाताखालीं शिकून तो युट्रेक्टला परत आला होता. त्या सुमारास व्हिसलिसेनुस ह्या जर्मन रसायनज्ञाचा दुधाच्या आंबटपणांतील लॅक्टिक आम्लावरचा निबंध त्याच्या वाचनांत आला. ह्या आम्लाच्या प्रकारांतील भेद अणूंच्या अवकाशांतील निराळ्या मांडणीनेंच समजूं शकतो, असें त्यांत म्हटलें होतें. सांगतात कीं, निबंध अर्धा वाचून व्हान्ट हॉफ फिरावयास निघाला आणि त्या फेरफटक्यांतच त्याला कल्पना सुचली. सप्टेंबर १८७४ मध्यें, वयाच्या २२ व्या वर्षीं, डॉक्टरेट मिळण्याच्याही आधीं, त्यानें आपल्या मातृभाषेंत एक लहानसें चोपडें छापून काढलें.

त्याचा युक्तिवाद मुलांनाही समजावा इतका सरळ होता. कार्बनचे चारही हात सपाट कागदावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांकडे गेले आहेत असें समजूं. मिथेन वायूंतील चार हायड्रोजनांपैकीं दोन काढून तेथें दोन क्लोरीन बसविले, तर ते दोन शेजारच्या कोपऱ्यांवर बसतील किंवा समोरासमोरच्या. म्हणजे पदार्थ दोन निघावयास हवेत. प्रत्यक्षांत पदार्थ एकच मिळतो. आतां तीन पाय फांकलेल्या तिवईच्या मध्यावर एक दांडा उभा केला आहे, अशी कल्पना करावी. कार्बन मध्यभागीं, तीन हात खालीं तिन्ही दिशांना आणि चौथा सरळ वर. हीं टोकें जोडलीं म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा चतुष्फलक होतो. त्यांत कोणतेही दोन कोपरे घेतले तरी ते शेजारीच असतात. म्हणून पदार्थ एकच. परंतु चारही हातांत चार निरनिराळे गट धरविले कीं चमत्कार होतो. मांडणी दोनच प्रकारें होऊं शकते, व त्या दोन मांडण्या उजव्या आणि डाव्या पायांच्या जोड्यांसारख्या असतात. मापें सर्व सारखीं. पण उजवा जोडा डाव्या पायांत जात नाहीं. टार्टरिक आम्लांत असे दोन कार्बन आहेत. पाश्चरचें कोडें उलगडलें.

ह्या शोधांत आणखी एक भागीदार होता. ल बेल ह्या फ्रेंच रसायनज्ञानें त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्यें जवळजवळ हाच निष्कर्ष पॅरिस येथें प्रसिद्ध केला. दोघेही वुर्त्झच्या प्रयोगशाळेंत एकाच वेळीं काम करीत होते, आणि तरीही ह्या विषयावर त्यांचें कधीं बोलणें झालें नव्हतें.

चोपडें निघालें, पण जगानें त्याची फारशी दखल घेतली नाहीं. व्हान्ट हॉफला युट्रेक्टच्या पशुवैद्यक शाळेंत एक साधी नोकरी पत्करावी लागली. त्यानें पुठ्ठ्याचे लहान लहान चतुष्फलक करून रसायनज्ञांकडे धाडले. त्यांतील कांहीं लेडन येथील बोरहावे संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. १८७७ सालीं त्याच्या ग्रंथाची जर्मन आवृत्ति व्हिसलिसेनुसच्या प्रस्तावनेसह निघाली, आणि मग वीज कडाडली.

लाइपझिगचा हेर्मान कोल्बे हा त्या काळचा एक थोर रसायनज्ञ. निर्जीव द्रव्यांपासून सिरक्याचें आम्ल १८४५ सालीं त्यानेंच तयार करून दाखविलें होतें. सॅलिसिलिक आम्ल तयार करण्याची त्याची कृति पुढें ॲस्पिरिनच्या धंद्याचा आधार झाली. अशा अधिकारी पुरुषाच्या हातांत एक प्रमुख रसायन-नियतकालिक होतें. त्यांत त्यानें ह्या पोरसवदा शिक्षकावर तोफ डागली. ह्या गृहस्थाला काटेकोर प्रयोगांची आवड दिसत नाहीं. पशुवैद्यक शाळेंतून एक पंखांचा घोडा उसना घेऊन तो कवींच्या पर्वतावर जाऊन बसला आणि तेथून त्याला आकाशांत अणु कसे मांडले आहेत तें दिसलें, अशा अर्थाची ती टवाळी होती. पाठराखण करणाऱ्या व्हिसलिसेनुसलाही त्यानें सोडलें नाहीं.

कोल्बे दुष्ट होता म्हणून त्यानें असें लिहिलें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्याच्या तरुणपणीं जर्मन विद्यापीठांतून निसर्गाविषयीं पोकळ तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांचें पेंव फुटलें होतें. प्रयोगाच्या शिस्तीनें रसायनशास्त्र त्या धुक्यांतून बाहेर काढणाऱ्या पिढीचा तो वारस होता. न दिसणाऱ्या अणूंचीं चित्रें काढणारा तरुण पाहतांच, जुना रोग पुन्हा उद्भवला, असें त्याला वाटलें. चूक एवढीच कीं, कल्पनेचा विलास आणि कल्पनेची शिस्त ह्यांतला भेद त्याला ओळखतां आला नाहीं. व्हान्ट हॉफच्या कल्पनेवरून पडताळून पाहतां येतील असे निष्कर्ष निघत होते. पोकळ तत्त्वज्ञानांतून ते निघत नसत.

तरुणानें वर्तमानपत्री भांडण केलें नाहीं. १८७८ सालीं ॲम्स्टरडॅम येथें प्राध्यापकपद स्वीकारतांना त्यानें व्याख्यानाचा विषय निवडला, तो म्हणजे शास्त्रांतील कल्पनाशक्ति. सुमारें २०० शास्त्रज्ञांचीं चरित्रें चाळून, त्यांतील थोरांपैकीं कित्येकांच्या ठिकाणीं ही शक्ति कशी जागृत होती, तें त्यानें दाखविलें. खरें उत्तर मात्र काळानें दिलें. ग्लुकोज साखरेच्या जातीचे १६ निरनिराळे प्रकार संभवतात, असें चतुष्फलकाचें गणित सांगत होतें. १८९१ सालीं एमिल फिशरनें त्यांत खऱ्या ग्लुकोजची जागा शोधून काढली. १८८४ सालीं कोल्बे वारला, आणि लाइपझिगच्या त्याच्या आसनावर पुढील वर्षीं बसला तो व्हिसलिसेनुस. १९०१ सालीं रसायनाचें पहिलें नोबेल पारितोषिक व्हान्ट हॉफला मिळालें. परंतु तें द्रावांवरील त्याच्या निराळ्याच संशोधनाबद्दल होतें, चतुष्फलकाबद्दल नव्हे. १९११ सालीं तो निवर्तला. त्यानंतर दोनच वर्षांनीं ब्रॅग पितापुत्रांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें हिऱ्याची अंतर्रचना उकलली. हिऱ्यांत प्रत्येक कार्बनभोंवतीं चार कार्बन, तंतोतंत चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर बसलेले निघाले.

आकार आहे, हें सिद्ध झालें. पण तो तसाच कां? आणि येथें एक नवीच अडचण उभी राहिली. १९१६ सालीं अमेरिकेंतील लुईसनें सांगितलें कीं, अणूंचें बंधन म्हणजे दोघांनीं भागीदारींत वापरलेली इलेक्ट्रॉनांची जोडी. १९२६ सालीं श्रोडिंगरचें तरंगगणित आलें. त्याप्रमाणें इलेक्ट्रॉन हा सूर्याभोंवतीं फिरणाऱ्या ग्रहासारखा नसून केंद्राभोंवतीं पसरलेल्या तरंगासारखा आहे. ह्या तरंगाच्या ठराविक आकारांना पुढें १९३२ सालीं मुलिकननें ऑर्बिटल हें नांव दिलें. एस् जातीचें ऑर्बिटल चेंडूसारखें गोल असतें, त्याला दिशाच नाहीं. पी जातीचीं तीन असतात. प्रत्येक डमरूसारखें, आणि तिन्ही एकमेकांशीं काटकोनांत. कार्बनच्या बाहेरच्या चार इलेक्ट्रॉनांपैकीं दोन एस्‌मध्यें जोडीनें बसलेले असतात, आणि उरलेले दोन पीमध्यें एकेकटे. भागीदारी करावयास मोकळे असे हे दोनच. म्हणजे पदार्थविज्ञानाच्या हिशेबानें कार्बनला हात दोनच, आणि तेही काटकोनांत! रसायनज्ञांचा कार्बन चार हातांचा, चारही सारखे, आणि त्यांच्यांतील कोन १०९ अंश २८ कला. एकाच अणूचीं हीं दोन चित्रें एकमेकांशीं जुळेनात.

तीं जुळविण्याचें काम लायनस पॉलिंग ह्या अमेरिकन तरुणानें अंगावर घेतलें. तो १९०१ सालीं जन्मला. वडील औषधविक्रेते होते, ते तो नऊ वर्षांचा असतांनाच वारले. रसायनांत डॉक्टरेट मिळवून १९२६-२७ सालीं तो युरोपांत नवें तरंगगणित शिकला. १९२८ सालीं त्यानें एका लहानशा टिपणांत, हा प्रश्न आपल्याला सुटला आहे, असें सूचितही केलें. परंतु गणित इतकें किचकट होतें कीं, पुढचीं जवळजवळ तीन वर्षें तें हातीं येईना. डिसेंबर १९३० मधील एका रात्रीं त्याला युक्ति सुचली. केंद्रापासून दूर जातांना एस् आणि पी ह्यांची तीव्रता जी कमीजास्त होते, तींतील फरक सोडून द्यावयाचा, आणि नुसत्या दिशेचा विचार करावयाचा. गणित एकदम सोपें झालें, आणि रात्रीं उशिरापर्यंत तो एकामागून एक उत्तरें लिहीत बसला.

ती युक्ति अशी. तरंग एकमेकांत मिसळूं शकतात. सतारीच्या एकाच तारेवर अनेक स्वर एकदम नांदतात, तसें. एस्‌मधील एक इलेक्ट्रॉन पीमध्यें चढविला म्हणजे चार इलेक्ट्रॉन एकेकटे होतात. त्याला शक्ति खर्चावी लागते. पण दोनांऐवजीं चार बंध जुळल्यानें ती व्याजासकट परत मिळते. मग एक एस् आणि तीन पी ह्यांचें मिश्रण करावयाचें. डमरूच्या एका बाजूस तरंग एकमेकांना बळ देतात, दुसऱ्या बाजूस एकमेकांना मारतात. त्यामुळें एका दिशेकडे मोठा फुगवटा आलेलें ऑर्बिटल तयार होतें. अशीं चार सारखीं ऑर्बिटलें निघतात, आणि त्यांच्यांतील कोन गणितानेंच १०९ अंश २८ कला येतो. दोन जातींच्या वनस्पतींचा संकर करावा, तसा हा ऑर्बिटलांचा संकर. एप्रिल १९३१ मध्यें पॉलिंगचा निबंध प्रसिद्ध झाला. स्लेटर ह्या दुसऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञानेंही त्याच वर्षीं स्वतंत्रपणें हीच कल्पना मांडली.

एस्‌मध्यें तीन पी न मिसळतां दोनच मिसळले, तर तीन हात एका सपाटींत १२० अंशांवर पसरतात. उरलेलें पी त्या सपाटीशीं काटकोनांत उभें राहून शेजारच्या कार्बनशीं दुसरा बंध जोडतें, आणि हा बंध रेणूला त्या जागीं फिरूं देत नाहीं. एकच पी मिसळला, तर दोन हात सरळ रेषेंत येतात; ॲसिटिलीन वायूचा रेणु असाच सळईसारखा आहे. हिरा आणि शिसपेन्सिलींतील काळें ग्राफाइट, दोन्ही निव्वळ कार्बन. हिऱ्यांत चतुष्फलकी बंधांची चोहोंकडून वीण, म्हणून तो कठीण. ग्राफाइटमध्यें षट्कोनी जाळीचे सपाट थर एकावर एक नुसते ठेवलेले, म्हणून ते सुटतात आणि कागदावर उमटतात. केकुलेनें १८६५ सालीं बेंझीनच्या रेणूला कडें कल्पिलें होतें. त्याच्याच एका संयुगाचा षट्कोन सपाट असल्याचें कॅथलीन लॉन्सडेल ह्या विदुषीनें १९२९ सालीं क्ष-किरणांनीं दाखविलें होतें. त्या सपाटपणाचें कारणही ह्याच संकरांत सांपडलें.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. मिथेन तयार होतांना कार्बन प्रथम आपलीं ऑर्बिटलें मिसळतो आणि मग हायड्रोजनांना हात देतो, असें कांहीं घडत नाहीं. संकर ही मनुष्याच्या हिशेबाची पद्धति आहे. पुढें प्रकाशाच्या माऱ्यानें मिथेनमधील बाहेरचे इलेक्ट्रॉन उडवून त्यांची शक्ति मोजण्यांत आली, तेव्हां ती एकच न येतां सुमारें १४ आणि २३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट अशी दोन प्रकारची आली. मुलिकन आदींच्या दुसऱ्या पद्धतीनें हें सरळ समजतें. परंतु शंभर रुपयांची मोड कोणी दहाच्या नोटांत घेतली, कोणी पांचाच्या, म्हणून रक्कम बदलत नाहीं. दोन्ही पद्धतींनीं वर्णिलेला इलेक्ट्रॉनांचा मेघ एकच, आणि रेणूचा आकारही तोच.

ह्या कथेला एक विषादाची किनार आहे. कल्पनेच्या बळावर चतुष्फलकाला पाया देणाऱ्या पॉलिंगला १९५४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, १९६२ चें शांततेचेंही मिळालें. आणि तोच पुढें कोल्बेच्या आसनावर जाऊन बसला. १९८२ सालीं डॅन शेख्टमान ह्या इस्रायली शास्त्रज्ञाला एका मिश्रधातूंत, तोंपर्यंत अशक्य मानलेली पांच बाजूंची सममिति आढळली. पॉलिंगनें त्याची उघड हेटाळणी केली, आणि १९९४ सालीं मरेपर्यंत ती गोष्ट मान्य केली नाहीं. २०११ सालीं शेख्टमानला नोबेल पारितोषिक मिळालें. विद्वत्ता मोठी असली म्हणजे दृष्टि नेहमींच स्वच्छ राहते असें नाहीं. एका पिढीचा बंडखोर दुसऱ्या पिढीचा द्वारपाल होऊं शकतो.

तरीही ह्या इतिहासाचा एक धागा मोठ्या समाधानकारक रीतीनें पुरा झाला. उजवें आम्ल आणि डावें आम्ल, असे दोन रेणु आहेत, हें ठरलें होतें. पण दोन मांडण्यांपैकीं प्रत्यक्ष उजवी कोणाची, हें कोणालाच ठाऊक नव्हतें. फिशरनें एक बाजू केवळ सोयीसाठीं गृहीत धरली होती. ती खरी निघण्याचा संभव अर्धा, खोटी निघण्याचा अर्धा. १९५१ सालीं डच शास्त्रज्ञ बायफूट आणि त्याचे सहकारी ह्यांनीं क्ष-किरणांच्या एका नव्या पद्धतीनें हा निवाडा केला, आणि फिशरचा कौल खरा निघाला. ज्या पदार्थावर हा निवाडा झाला, तो टार्टरिक आम्लाचाच एक क्षार होता. स्थळ होतें युट्रेक्ट; आणि ज्या प्रयोगशाळेंत तें काम झालें, तिला नांव होतें व्हान्ट हॉफचें.